खरे रीडिंग

आम्ही उभयतां जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देण्याचा, म्हणजे रिवायंडिंगचा धंदा करतो. आमचे गाव उजनी धरणाच्या काठावर, करमाळा तालुक्याच्या अंगाला. भीमा नदीवरच्या या धरणाचे काम १९८० साली पुरे झाले. जुने गावठाण फुगवट्याखाली गेले, नवे गाव वर माळावर वसले. आमच्या वडिलांनी धरणाच्या कामावर डोक्यावर पाटी घेऊन माती वाहिली. जमीन नव्हतीच, त्यामुळे मोबदल्यात जमीनही आली नाही. तेव्हा हातात काहीतरी कसब असावे म्हणून आम्ही टेंभुर्णीला एका दुकानात राहून मोटर भरायला शिकलो. लग्नानंतर दोघांनी मिळून गावातच पत्र्याचे दुकान टाकले.

आमच्यातली कामाची वाटणी ठरलेली आहे. वेढे घेण्याचे काम घरधनीण करते, कॉईल स्लॉटमध्ये बसवण्याचे काम घरधनी करतो. एका कॉईलला चोपन्न वेढे म्हणजे चोपन्नच. त्रेपन्न झाले तर त्या मोटरीला तिचा कमीपणा कळतो, ती गरम होते. म्हणून पहिल्या दिवसापासून आम्ही एक वही ठेवली आहे. कुणाची मोटर, किती स्लॉट, कोणत्या गेजची तार, किती वेढे, बाहेर पडताना किती अँपिअर घेतले, सगळे त्यात लिहायचे. आमची थोरली लेक अक्षरे गिरवायला शिकली ती याच वहीच्या पाठकोऱ्या पानांवर.

ही थोरली पुढे पुण्याला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायला गेली. सन २०१९ च्या सुरुवातीची गोष्ट. एका रात्री तिचा फोन आला, आवाज रडवेला. प्रयोगशाळेत तिला विजेवर चालणारे मोठे चुंबक दिले होते. त्याच्या दोन तोंडांमध्ये एक छोटी पट्टी ठेवून प्रयोग करायचा होता. सकाळी एक उत्तर यायचे, दुपारी दुसरे. सोबतच्या मुलांनी पुस्तकातले उत्तर बघून त्याला जुळतील अशी रीडिंगे मागून पुढे लिहून काढली. हिला ते जमेना.

आम्ही विचारले, "बाळ, चुंबकाची कॉईल हाताला गरम लागते का?"

ती म्हणाली, "लागते, दादा. तासाभराने हात ठेववत नाही."

मग तर सोपे आहे, आम्ही म्हणालो. तांबे तापले की त्याचा विरोध वाढतो. एका अंशाला साधारण शेकडा ०.४. कॉईल पंचवीस अंशांनी तापली की विरोध एक दशांशाने वाढला. मागून व्होल्टेज तेवढेच राहिले तर करंट तितकाच खाली येणार, आणि करंट उतरला की चुंबकाचा जोर उतरणार. आमच्या दुकानात हे रोजचे आहे. दुसऱ्या दिवशी तिने दर पाच मिनिटांनी करंट लिहिला आणि प्रत्येक रीडिंगला त्या वेळचा करंट धरून हिशेब केला. उत्तरे जुळली. आपल्या दुकानातली अक्कल पुण्याच्या प्रयोगशाळेत चालली, याचा आम्हांला किती आनंद झाला म्हणून सांगावे! पण तिने लगेच आणखी एक गोष्ट सांगितली. करंट तोच असला तरी तो वाढवत नेताना चुंबकाचा जोर वेगळा भरतो आणि उतरवत आणताना वेगळा, कारण लोखंड मागची आठवण ठेवते. म्हणून मोठ्या यंत्रांत प्रत्येक कामाआधी करंट एकदा ठरल्या रीतीने वर नेऊन खाली आणतात, म्हणजे दर वेळी सुरुवात एकसारखी होते. हे आम्हांला माहीत नव्हते. आम्ही ते वहीत लिहून ठेवले.

तेव्हापासून रविवारी फोनवर आमचा अभ्यासच सुरू झाला. तिने सांगितले की स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सरहद्दीवर, जिनिव्हा शहराजवळ, सर्न नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचे बोगद्यातले यंत्र आहे. प्रोटॉन नावाचे अतिसूक्ष्म कण त्यात एका सेकंदाला अकरा हजारांहून जास्त फेऱ्या मारतात. त्यांना गोल वळवायला १,२३२ मोठी चुंबके आहेत. पूर्ण जोरावर या चुंबकांतून ११,८५० अँपिअर करंट जावा अशी त्यांची रचना आहे. आपली दहा हॉर्सपॉवरची मोटर पंधरा अँपिअरच्या आसपास घेते. म्हणजे आठशे मोटारींचा करंट एका तारेतून! तार जळत नाही, कारण ती उणे २७१ अंशांपर्यंत थंड केलेली असते, आणि इतक्या थंडीत त्या तारेचा विरोध नाहीसा होतो.

आम्ही विचारले, "एवढा करंट मोजतात कशाने? आपला टाँग टेस्टर तर त्याला पुरणार नाही."

तिने तराजूचा दाखला दिला. एका पारड्यात जाड तारेचा एकच वेढा, त्यातून जातात बारा हजार अँपिअर. दुसऱ्या पारड्यात बारीक तारेचे हजार वेढे, त्यातून सोडायचे बारा अँपिअर, पण उलट दिशेने. दोन्हींचा गुणाकार सारखा झाला की मधल्या लोखंडी कडीतले चुंबकत्व शून्य होते. ते शून्य झाले की नाही एवढेच बघायचे. शून्य नसेल तर बारीक तारेतला करंट किंचित कमी-जास्त करायचा. मग त्या बारीक करंटला एका अत्यंत स्थिर विरोधातून नेऊन त्याचे व्होल्टेज आकड्यांत बदलायचे. वेढ्यांचा हिशेब म्हटल्यावर घरधनिणीला हे सर्वांत आधी कळले. ती म्हणाली, "म्हणजे तिथेही वेढे मोजूनच घ्यावे लागतात की."

आकड्यांत बदलायची रीतही लेकीने पाण्यावरून सांगितली. रांजणात बारीक धार पडते आहे. रांजण ठरलेल्या खुणेपर्यंत भरला की एक पेला पाणी काढून टाकायचे आणि एक रेघ मारायची. धार जोराची असेल तर रेघा भराभर पडतात, मंद असेल तर सावकाश. पेला मोठा असला तरी चालतो, तो दर वेळी अगदी सारखा भरला पाहिजे, आणि रेघा पुष्कळ वेळ मोजल्या पाहिजेत. सर्नच्या लोकांनी अशाच तत्त्वावरचे यंत्र स्वतः बनवले. दहा लाखांत एक-दोन भागांचा फरक त्यात कळतो. तेरा हजार अँपिअरच्या मापात दहा लाखांतला एक भाग म्हणजे अँपिअरचा जेमतेम शंभरावा हिस्सा.

एवढी बारकाई हवी कशाला? तर त्या बोगद्याचे आठ भाग आहेत. प्रत्येक भागातल्या १५४ मोठ्या चुंबकांना वेगळा वीजपुरवठा आहे. कण मात्र तेच, ते आठही भागांतून फिरतात. एका भागाचा करंट इतरांहून जरा वेगळा पडला तर कण वाटेवरून सरकतात. आठ जणांनी एक ताल धरायचा, आणि तो ताल मापावरच धरता येतो.

त्या यंत्रात आपल्या देशाचा हातही आहे. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने त्यासाठी लागणारी लहान सुधारक चुंबके भारतीय कारखान्यांकडून करून घेतली, तपासली आणि पाठवली. ती सतराशेहून जास्त होती. अवजड चुंबके नेमक्या जागी बसवण्यासाठी लागणारे ७,०८० जॅकही भारतातूनच गेले. कुठेतरी आपल्यासारख्याच कुणीतरी लेथवर उभे राहून ते कातले असतील, असे आम्हांला वाटते.

आता आमच्या स्वतःच्या घरातली गोष्ट सांगतो.

त्या २०१९ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ्यात गेले. पळसदेवचे पाण्यातले जुने देऊळ उघडे पडले. ज्यांच्या मोटारी फुगवट्यावर आहेत त्यांना ठाऊक आहे, पाणी मागे सरते तशी मोटर पुढे न्यावी लागते, पाईप वाढवावे लागतात, केबल जोडावी लागते. चिखल तुडवत दोन-दोनशे फूट पुढे. आमच्या दुकानावर त्या दिवसांत रात्रीही दिवा जळत असे.

जवळच्या गावातले एक म्हातारे शेतकरी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दीड एकर ऊस, दहा हॉर्सपॉवरची मोटर. एप्रिलमध्ये त्यांची मोटर जळाली. आम्ही भरून दिली. बारा दिवसांनी पुन्हा जळाली. पुन्हा भरली, पैसे निम्मेच घेतले. नवव्या दिवशी तिसऱ्यांदा जळाली. अण्णा बैलगाडीत मोटर घालून दुकानासमोर आले. चार माणसांत म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या हातातच दोष हाय. माझा ऊस वाळला. आता पैसं बी परत द्या आन् मोटर बी भरून द्या."

आम्ही वही दाखवली. वेढे बरोबर, तार बरोबर, तिन्ही फेजला पंधरा-पंधरा अँपिअर. आम्ही म्हणालो, "अण्णा, आमचे काम चोख आहे. तुमच्याकडच्या लाईटचा दोष असेल." शब्दाला शब्द लागला. छोट्या गावात अशी गोष्ट पसरायला संध्याकाळही लागत नाही. आठवड्यात तीन गिऱ्हाईके टेंभुर्णीला गेली. लेकीची फी भरायची होती, धाकट्याची दहावी होती. रात्री आम्ही दोघेही जागे असायचो, पण एकमेकांशी बोलायचो नाही.

थोरली सुटीला घरी आली तेव्हा तिने सगळे ऐकून घेतले. मग वहीतले ते पान बघून तिने एवढेच विचारले, "हे पंधरा कधीचे आहेत?"

"मोटर चालू केल्या केल्या घेतलेले."

"आणि नंतरचे?"

नंतरचे घेतलेच नव्हते. मोटर पाणी फेकू लागली की टेस्टर गुंडाळायचा आणि गाडीला किक मारायची, हीच आमची रीत. शिवाय आमचा टेस्टर काट्याचा. पंधरा आणि सोळा त्यावर जवळजवळ एकच दिसायचे. तिने शिष्यवृत्तीतून वाचवलेल्या पैशांतून आकडे दाखवणारा टाँग टेस्टर आणला होता. आम्ही मोटर तिसऱ्यांदा भरली आणि तिघेही अण्णांच्या मोटरीवर गेलो.

चालू केल्यावर तीन फेजचे आकडे आले : १५.०, १५.२, १४.९. अण्णा म्हणाले, "बघा, बरोबरच हाय." लेक म्हणाली, "अण्णा, थोडं बसू या." दर पाच मिनिटांनी ती आकडे लिहीत गेली. वीस मिनिटांनी एक फेज उतरू लागली, दुसऱ्या दोन चढू लागल्या. चाळीस मिनिटांनी आकडे झाले १२.४, १७.१ आणि १७.८. स्टार्टरपाशी तिन्ही जोड्यांत व्होल्टेज सारखे, मोटरीपाशी मात्र दोन जोड्यांत सतरा-अठरा व्होल्ट कमी. व्होल्टेजमध्ये थोडा फरक पडला की मोटरीच्या करंटमध्ये त्याच्या कितीतरी पट फरक पडतो, हे आम्हांला माहीत होते. माहीत असून बघितले नव्हते. ओव्हरलोड रिलेने मोटर बंद करायला हवी होती, पण ती सारखी ट्रिप होते म्हणून अण्णांनी रिलेचा काटा वीसवर चढवून ठेवला होता.

आम्ही मेन स्विच खाली ओढला आणि केबलच्या कडेने चिखलातून चालत गेलो. प्रत्येक जोडाला हात लावत. तिसरा जोड चटका बसेल इतका गरम. टेप वितळला होता. आत ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला नुसती पीळ देऊन जोडलेली. असा जोड ओलीत ठेवला की दोन धातूंच्या मध्ये काट धरतो. थंड असताना करंट कसाबसा जातो, तापला की अडतो.

तो जोड आम्हीच मारला होता. मार्चमध्ये पाणी मागे सरले तेव्हा, घाईत, अंधार पडता पडता. योग्य तो जोडपाईप बरोबर नव्हता, उद्या येऊन बदलू म्हणून पीळ दिला आणि नंतर विसरलो.

अण्णा काठावर उभे होते. त्यांना तिथून काही दिसत नव्हते. केबल अनेकांनी जोडली होती, कोणता जोड कुणाचा हे आमच्याशिवाय कुणाला सांगता आले नसते. खोटे कशाला बोलावे, त्या क्षणी आमच्या मनात आले की जोड गुपचूप बदलावा आणि लाईट सुधारली म्हणून सांगावे. लेक आमच्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही. आम्ही जोड नीट दाबून, पाणी जाणार नाही असा बांधला आणि अण्णांना "उद्या येतो" म्हणून घरी आलो.

त्या रात्री जेवताना तिने आम्हांला सर्नची दुसरी बाजू सांगितली. १० सप्टेंबर २००८ रोजी त्या यंत्रात पहिल्यांदा कण पूर्ण फेरी फिरले. जगभर बातम्या झाल्या. आणि नवव्या दिवशी, १९ सप्टेंबरला, एका भागात करंट वाढवत नेताना साधारण ८,७०० अँपिअरवर दोन चुंबकांमधला एक जोड निकामी झाला. अशा बड्या करंटचे दहा हजार जोड त्या यंत्रात आहेत, त्यांतला एक. त्याचा विरोध एका ओहमच्या कोट्यवधी भागांत मोजावा इतका थोडा होता, पण एवढ्या करंटला तेवढाही पुरला. ठिणगी पेटली, थंडाईचा हेलियम वायू टनावारी फुटून बाहेर आला, अवजड चुंबके जागची हलली. ५३ चुंबके बाहेर काढावी लागली. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला.

"मग त्यांनी काय केलं?" आम्ही विचारले.

"काय झालं ते लिहून जगासमोर ठेवलं," ती म्हणाली. "आणि पुढे प्रत्येक जोडावर नजर ठेवणारी नवी यंत्रणा बसवली."

मग तिने त्याच बोगद्यातल्या आधीच्या यंत्राची गोष्ट सांगितली. ते १९८९ पासून २००० पर्यंत चालले. वीजपुरवठ्याचा मीटर करंट स्थिर दाखवायचा, पण चुंबकाच्या आत बसवलेले माप दिवसभर थरथरायचे आणि मध्यरात्रीनंतर शांत व्हायचे. १९९५ साली उलगडा झाला. जवळून विजेवर धावणाऱ्या आगगाडीचा चुकार करंट जमिनीतून यंत्राच्या नळीत शिरत होता, अवघा एक अँपिअर. त्याहून नवल म्हणजे शेजारच्या जिनिव्हा सरोवरातल्या पाण्याची पातळी वर-खाली झाली की जमीन किंचित दबे, बोगद्याचा घेर बदले आणि त्याचाही परिणाम मापात दिसे. आमच्यासारख्या धरणाकाठच्या माणसांना ही गोष्ट लगेच पटली. पाणी चढले-उतरले की काठावरचे सगळे जिणेच हलते.

आपल्या महाराष्ट्रातही असे घडले आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापे घेत असत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या करंटने मापे बिघडतील हे ओळखून अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी सोबतच मापे घेतली, म्हणजे जुन्या-नव्याचा मेळ बसेल. ट्राम १९०७ साली धावली. अलिबागची नोंद अजून चालू आहे. पूर्वी कागदावर रेघ उमटे, आता आकडे येतात. आणि हल्लीच्या उपकरणातही तीच तराजूची युक्ती आहे. पृथ्वीच्या जोराला उलट करंटने शून्यावर आणायचे आणि तो करंट मोजायचा.

एवढे सांगून ती झोपायला गेली. आम्ही दोघे ओट्यावर बसून राहिलो. शेवटी घरधनीण म्हणाली, "वहीत काय लिहायचं?" हा प्रश्न खरा होता. आमच्या वहीत त्या दिवसापर्यंत आम्ही खोटा आकडा कधी लिहिला नव्हता.

सकाळी अण्णांच्या घरी गेलो. सांगितले, "अण्णा, जोड आमचा होता. दोष आमचाच." दोन वेळचे घेतलेले पैसे पुढे ठेवले, तिसऱ्या वेळचे घेतलेच नव्हते. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी अर्धे पैसे मागे सरकवले. म्हणाले, "रिलेचा काटा म्या चढवला व्हता. त्यो दोष माझा." उसाचे नुकसान झाले ते झालेच, ते कुणालाच भरून देता आले नाही. आमची दोन गिऱ्हाईके परत आली, एक नाही आले. पण अण्णांची मोटर अजून चालते, आणि तिला जोड मारायचा असला की ते आम्हांलाच बोलावतात.

दुकानाची रीत मात्र तेव्हापासून बदलली. मोटर चालू केल्यावर एक रीडिंग, आणि मोटर तापल्यावर, किमान अर्ध्या तासाने, दुसरे. तिन्ही फेजचे. ॲल्युमिनियम-तांब्याचा जोड नुसता पिळायचा नाही. रिले मोटरीच्या पाटीवरच्या अँपिअरवर ठेवायचा. यासाठी दोन मोटारी कमी होतात दिवसाला, पण रात्री झोप लागते.

ज्या बंधू-भगिनींच्या घरी मोटर आहे, त्यांनी एवढे जरूर करावे. मिस्त्री घाईत असला तर त्याला चहा पाजून अर्धा तास बसवून घ्यावे. आणि ज्यांची मुले विज्ञान शिकत आहेत त्यांनी त्यांना घरच्या धंद्याचे प्रश्न विचारावेत. आपले काम अडाण्याचे आणि त्यांचे शिकलेल्यांचे, असे समजू नये. आमच्या हाताला माहीत होते ते तिला उपयोगी पडले, आणि तिच्या वहीला माहीत होते ते आम्हांला.

थोरली आता कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. वर्षाच्या पहिल्या तासाला ती मुलांना आमच्या वहीतले ते एक पान दाखवते. त्यावर १२.४, १७.१, १७.८ हे आकडे आहेत, आणि खाली आमच्या अक्षरात लिहिले आहे : जोड आमचा.